ताटातली प्रतिष्ठा आणि आहाराचा सल्ला

माणूस काय खातो, हे नुसत्या भुकेवर ठरत नाही. जात, घरातले स्थान आणि चारचौघांतली इभ्रत यांचाही त्यात वाटा असतो. जामखेड तालुक्यातील खर्डा आणि भोवतालची गावे हा अवर्षणाचा, रब्बी ज्वारीचा टापू. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे किंवा माडगे, तुरीची डाळ, करडईचे तेल, पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी या रानभाज्या, हा इथला जुना आहार. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू.

तरीही पाहुणा आला की पोळी आणि भात करायचा, माडगे मात्र घरच्यांपुरते, ही रीत पक्की आहे. रानभाजी खुडून आणणे गरिबीचे लक्षण समजले जाते. मुलाच्या हातातला बिस्किटाचा पुडा ऐपतीचे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारीच्याच कुळातली, पण लोकांनी ती नाइलाजाने खाल्ली. पुढे रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच मिळत राहिले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद असली, तरी घरोघरी पोचले ते बहुतांशी गहू-तांदूळच. जे पूर्वी सणाला लागे ते रोजचे झाले आणि ज्वारी मागे पडली.

जातीने अन्नाची उतरंड आणखी घट्ट केली. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद आहे. त्यातल्या चान्या (वाळवलेले मांस), रक्ती (शिजवलेले रक्त), वजडी (आतडी) या पदार्थांना प्रतिष्ठित पाककृतींच्या पुस्तकांत जागा नव्हती. हे स्वस्तातले प्रथिन होते, पण खाणाऱ्याला त्यावरून हिणवले जाई. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि मोठ्याचे मांस खाणाऱ्या कुटुंबांचा एक स्वस्त पर्याय आणखी आकसला. अशा घरात आहार विचारला, तर खरे उत्तर मिळेलच असे नाही.

घराच्या आतही पायऱ्या आहेत. कर्त्या पुरुषांना आणि मुलांना आधी वाढतात, सून शेवटी बसते. तोवर कालवणाचा रस्साच उरलेला असतो. तिची भाकरी ठेच्याशी संपते. गरोदरपणी जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने तिला हात आखडूनच वाढतात. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटेच भाकऱ्या थापून फडात उतरते आणि मुलांची गावच्या अंगणवाडीशी गाठ काही महिने सुटते.

यातून वाट कशी निघते, हे याच तालुक्याने दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नपाण्याची होती. गावातल्याच, बहुतेक निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. प्रशिक्षणाला त्या एकत्र राहत, एकत्र जेवत. गावी परतल्यावर गरोदर सुनेच्या खाण्याविषयी सासूशी बोलणारी ही गावचीच बाई असल्याने तिचा शब्द रुजला.

आहारतज्ज्ञ, आशा आणि अंगणवाडी सेविका यांनी म्हणूनच तक्ता हातात देण्याआधी घरात कोण आधी जेवते, शेवटच्या ताटात काय उरते, कोणता पदार्थ सांगायला लाज वाटते, हे जाणून घ्यावे. सल्ला सुनेला एकटीला न देता सासू आणि नवऱ्यासमोर द्यावा. शेंगोळे, माडगे, तांदुळजा यांची नावे सल्ल्यात मानाने घ्यावीत. महागड्या पावडरींच्या आधी हुलगा, शेंगदाणे आणि परवडेल तिथे अंडे सुचवावे. मांसाहारी कुटुंबाच्या ताटाला नावे ठेवू नयेत. कुपोषणाची नोंद करताना वजन आणि दंडाच्या घेराबरोबर घरातल्या वाढपाचा क्रमही टिपावा, कारण सल्ला अडतो तो बहुधा तिथेच.