शेतातले सोबती : ठिपकेवाला होला

वसईच्या वाड्यांतून सकाळी ‘क्रू-क्रू-क्रू’ असा घुमणारा आवाज कानी येतो. तो होल्याचा. पुष्कळ जण त्याला पारवाच समजतात. पण होला पारव्याहून लहान आणि सडपातळ असतो. लांबी शेपटीसकट सुमारे एक फूट. अंग गुलाबीसर तपकिरी, पाठीवर फिकट ठिपके. मानेच्या मागच्या बाजूला काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असतो. हीच त्याची खूण. नर-मादी दिसायला सारखेच. लहान पिल्लाच्या मानेवर मात्र हा पट्टा नसतो.

याच्या शास्त्रीय नावात आपल्या रेल्वेमार्गावरचे सुरत शहर आहे. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने सुरतेच्या होल्याचे वर्णन १७८२ मध्ये छापले. त्यावरून ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये त्याला ‘सुराटेन्सिस’, म्हणजे सुरतेचा, असे नाव दिले.

होला जमिनीवर चालत दाणे टिपतो. भात कापून झाले की शेतात सांडलेले दाणे आणि एरवी गवताचे, तणाचे बी हे त्याचे मुख्य अन्न. त्याची पाणी पिण्याची रीत पाहण्यासारखी आहे. कोंबडी घोट घेऊन मान वर करते. होला चोच पाण्यात बुडवून गुरासारखा सलग पितो.

घरटे बांधण्यात मात्र हा पक्षी अगदी आळशी! चार काटक्या आडव्यातिडव्या टाकल्या की झाले. खालून पाहिले तर काटक्यांतून अंडी दिसावीत इतके ते विरळ असते. त्यात दोन पांढरी अंडी. नर व मादी दोघेही आळीपाळीने उबवतात. सुमारे दोन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. आईबाप आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारा दह्यासारखा पदार्थ त्यांना भरवतात. आणखी दोन आठवड्यांत पिल्ले उडू लागतात.

घरटे असे कच्चे, म्हणून त्याचे रक्षण झाडाच्या दाट फांद्याच करतात. आडोसा गेला की कावळा अंडी पळवतो, मांजर पिल्ले उचलते. वसई-विरारला २००९ मध्ये महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत. होला कधी गॅलरीतल्या कुंडीतही घरटे करतो, पण दाणे टिपायला त्याला मोकळी जमीन लागतेच. ती आता उरली आहे शेतात आणि वाडीत.

तेव्हा एवढे करावे. कुंपण किंवा झाड छाटण्याआधी फांद्यांत एकदा डोकावून पाहावे. घरटे दिसले तर तेवढी फांदी चार आठवडे राहू द्यावी. औषध लावलेले बियाणे बांधावर सांडू देऊ नये. सांडलेच तर मातीआड करावे, कारण ते होल्याला विषच, आणि आपल्या कोंबड्यांनाही. मुलांना गलोल मारू देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे.

सांडलेल्या चार दाण्यांपलीकडे हा शेजारी आपल्याकडे काही मागत नाही. तणाचे बी टिपून तो त्याची थोडीफार परतफेडही करतो.