भाडे कशाचे भरावे?



‘सॉफ्टवेअर आता वर्गणीनेच घ्यावे’ हा एका पत्रलेखकाचा सल्ला जालन्याच्या छोट्या व्यापाऱ्याला सरसकट लागू पडत नाही. मोंढ्यातला आडत्या असो की बियाण्यांचा विक्रेता, त्याची कामे दोन: हिशेब ठेवणे आणि पत्रे, दरपत्रके लिहिणे. हिशेबाचे नियम सरकार बदलत असते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर सक्तीचे झाले. तिथे दरसाल पैसे मोजणे पटते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची पद्धत म्हणूनच मला रास्त वाटते: परवाना एकदाच, सुधारणांचे शुल्क वेगळे, आणि ते थांबवले तरी जुना हिशेब उघडतो. पत्राच्या मसुद्यासाठी मात्र कुठला कायदा बदलतो?

‘एकदाच घेतलेले जुने होते, धोका वाढतो’ हा आक्षेप खरा आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ ला मिळणारे कंपनीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. पण त्यावर भाडे हाच उपाय नव्हे. ऑफिसचेच भाड्याचे रूप असलेल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी थकली की फाइल नुसती दिसते, दुरुस्त करता येत नाही. आणि बियाण्यांच्या धंद्यात पैसा पेरणीच्या सुमारास येतो, बारा महिने सारखा नाही. त्यापेक्षा लिब्रेऑफिस हे तशीच कामे करणारे सॉफ्टवेअर फुकट, त्याच्या सुधारणाही फुकट. गुंतागुंतीच्या एक्सेल फाइली त्यात कधी विस्कटतात, हे मान्य. ज्याचे गिऱ्हाईक तशाच फाइली मागते, त्याने खुशाल वर्गणी भरावी, तीही तेवढ्या एका संगणकापुरती.