हवेची नाव आणि ओहोटीचे पाणी

मे महिन्यात आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्या मंडळींच्या सामानात खजूर, अत्तर आणि दूध पावडरीचे डबे असायचेच. गेल्या वर्षी मुलांच्या मामूंनी त्यांच्याबरोबर एक जड पिशवी आणली. उघडली तर आत घडी घातलेली निळी नाव! हवा भरून फुगवायची कयाक. दोघांनी बसायची, दोन वल्ही, एक हातपंप आणि दोन लाइफ जॅकेटे. आमचे गाव कोकणात, खाडीच्या काठावर. मग काय विचारता? मुलांना रात्री झोप कसली येते!

दुसऱ्या दिवशी फज्रची नमाज झाली आणि सगळे काठावर. पंप मारायला भांडणे. नाव फुगली, पण मधोमध दाबली की वाकत होती. नावेच्या तळाला लावायची प्लास्टिकची पाती पिशवीतच राहिली, कारण ती कशासाठी आहे हे पाहायला कोणाला वेळ नव्हता. आमचा धाकटा आणि भाचा आत बसले. जॅकेट गळ्याशी टोचते म्हणून दोघांनी ते बसायला खाली घेतले. आम्ही ते पाहिले आणि काही बोललो नाही.

पहिली दहा मिनिटे मजेत गेली. मग मुलांनी परत फिरायला वल्ही मारली, तर नाव जागच्या जागी गोल फिरू लागली आणि फिरता फिरता खाडीच्या तोंडाकडे सरकू लागली. पुढे लाटा फुटत होत्या. आम्ही काठावरून ओरडत धावत होतो, पण पाण्याच्या वेगापुढे ओरडण्याचा काय उपयोग? अल्लाहची मेहेरबानी, दालदी मोहल्ल्यातले एक चाचा जाळे काढून होडीने परत येत होते. त्यांनी दोरी टाकून दोघांना ओढून आणले. मुलांना उतरवल्यावर ते आम्हाला एवढेच म्हणाले, “मास्तर, नाव नंतर फुगवा. आधी पाणी कुठं चाललंय ते बघा.”

ते वाक्य आम्हाला फार लागले. लागायचे कारणही होते. दरवर्षी आम्ही फळ्यावर बाण काढून शिकवतो की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे आणि रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. त्या पहाटे तोच मतलई वारा आमच्या पाठीला लागत होता आणि आम्ही म्हणत होतो, काय छान गार वारा सुटला आहे! वारा समुद्राकडे, ओहोटीचे पाणी समुद्राकडे आणि मध्ये कागदासारखी हलकी नाव. धडा पाठ होता, पण काठावर उभे राहिल्यावर तो आठवला नाही.

अशा नावा आता इथल्या घरांतही येऊ लागल्या आहेत. म्हणून त्या दिवसानंतर आमच्या घरात जे नियम झाले, ते क्रमाने सांगतो.

पहिला नियम पाण्याचा. भरती आणि ओहोटी प्रत्येकी सुमारे सहा तासांची असते आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. आज दहाला भरती असेल, तर उद्या पावणेअकराच्या पुढे. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असतेच. त्याचा इथे मोठा उपयोग होतो. चांद दिसल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस आणि महिन्याच्या १४ ते १७ तारखा या उधाणाच्या. तेव्हा पाणी जोरात चढते आणि तितक्याच जोरात उतरते. ७-८ आणि २१-२२ तारखांच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ कमी. नवशिक्यांनी तेच दिवस निवडावेत. भरती संपायला तासभर असताना निघावे, खाडीच्या आतल्या बाजूला जावे आणि पाणी उतरू लागताच परतावे. उतरण्याच्या जागेच्या खाली, म्हणजे तोंडाच्या बाजूला, कधीच जाऊ नये. ओहोटी पूर्ण लागली की वाहून जाण्याची भीती, शिवाय काठाला गुडघाभर चिखल उघडा पडतो.

वाऱ्याची परीक्षा सोपी आहे. काठावरची वाळू चिमूटभर उडवून पाहा. ती समुद्राकडे गेली तर नाव पिशवीतच राहू द्या. पावसाळ्यात तर पिशवीला हातच लावू नये. वाशिष्ठी आणि सावित्री नद्यांत चिपळूण-महाडकडे मगरी आहेत, तेव्हा नवी जागा असेल तर आधी तिथल्या मच्छीमारांना विचारावे.

दुसरा नियम नाव फुगवण्याचा. जागा झाडून घ्यावी. खडकांना चिकटलेली कालवे सुरीसारखी धारदार असतात, त्यांच्याजवळ नाव पसरू नये. पाती आधी बसवावी. तिच्यामुळेच नाव सरळ चालते. हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, म्हणजे एक फुटला तरी दुसरा तरंगत ठेवतो. ते पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच भरावेत. हवा हातपंपाने किंवा पायपंपानेच भरावी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरली तर शिवण फाटते. नाव ताठ हवी, मधोमध वाकणारी नको. पाण्यात ठेवल्यावर आतली हवा थंड होऊन नाव थोडी सैल पडते, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा दाबून पाहावी. उलट, काठावर उन्हात ठेवली तर हवा प्रसरण पावते आणि कप्पा फुटू शकतो. सावलीत ठेवावी किंवा थोडी हवा सोडावी.

तिसरा नियम अंगावरचा. जॅकेट प्रत्येकाने घालायचे, पोहता येणाऱ्यानेही. सगळे पट्टे लावून दुसऱ्याने ते खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. मुलांना मुलांच्याच मापाचे हवे. आमच्या घरातल्या मुलीही आता नाव चालवतात. सलवार-कुर्ता चालतो, ओढणी मात्र घरी ठेवून स्कार्फ घट्ट बांधावा. लांब बुरखा भिजला की पायांत गुंडाळतो, म्हणून तो घालून नावेत बसू नये. जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वरून घालावे. नावेवर जेवढे वजन छापले आहे त्याहून जास्त घेऊ नये. जॅकेटला शिट्टी आणि जवळ पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन हवा. मदतीसाठी ११२ आणि समुद्रावर तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर मुलांना पाठ हवेत. एक मोठे माणूस काठावर थांबलेच पाहिजे, आणि त्याने फोनमध्ये डोके घालून बसू नये.

नाव उलटली तर काय, हे आधी कमरेइतक्या पाण्यात करून बघावे. नाव सोडायची नाही. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघणारेच दमून बुडतात. नावेला धरून पाय मारत पोटावर आडवे होऊन वर यायचे. दोरी हाताला किंवा कमरेला बांधायची नाही.

चौथा नियम आवरण्याचा. दमलेली मुले नेमका हाच टाळतात. नाव गोड्या पाण्याने धुवावी. शिवणींत वाळू राहिली तर ती कातड्याला घासत राहते. सावलीत, आतून-बाहेरून पूर्ण वाळवावी. कोकणच्या दमट हवेत ओली घडी घातली तर आठवड्यात बुरशी धरते. व्हॉल्व्ह उघडून उलट्या टोकाकडून गुंडाळत यावे, म्हणजे हवा निघून जाते. घडी सैल घालावी आणि दरवेळी त्याच रेषेवर घालू नये. पिशवी माळ्यावर उंदरांच्या तोंडी न देता उंच खुंटीला टांगावी. पुढच्या वेळी नेण्याआधी अंगणात फुगवून रात्रभर ठेवावी. सैल पडली तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. पॅच लावला तर एक पूर्ण दिवस सुकू द्यावा.

हे सगळे ऐकून एक शेजारी म्हणाले, “एवढी भीती कशाला? अल्लाहवर भरोसा ठेवा.” भरोसा आहेच. पण उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जॅकेटचा पट्टा लावणे म्हणजे उंट बांधणेच. आणि मुले ही आपल्याकडे अमानत आहेत. त्या पहाटे जॅकेट खाली घेतलेले पाहूनही आम्ही गप्प राहिलो, त्याचा जाब आम्हाला द्यावा लागला असता.

या सुट्टीत नाव पुन्हा काढली. भाचा पिशवी घेऊन काठावर आला, ती खाली ठेवली आणि आधी चिमूटभर वाळू उडवली. ती समुद्राकडे गेली. त्याने पिशवी उचलली आणि न बोलता घराकडे वळला. आम्ही त्याला नाश्त्याला दोन घावन जास्त वाढले.