मुक्काम कुणाचा, अतिक्रमण कुणाचं?

तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करते, मग सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला टेकते. त्या रात्री फूटपाथ, शाळेचे व्हरांडे, दुकानांच्या पायऱ्या, जागा मिळेल तिथं माणूस झोपतो. आपण वरून चहा पाजतो. चार दिवसांनी त्याच पायरीवर एखादी म्हातारी बोचकं उशाला घेऊन पडली, की ते अतिक्रमण!

‘फूटपाथ चालण्यासाठी आहे.’ मान्य. मुंबईतल्या फूटपाथवरच्या झोपड्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात, १९८५ साली, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनीही फूटपाथवर ठाण मांडण्याचा हक्क दिला नाही. पण हे सांगणारे निकालाचा पुढचा भाग गिळतात. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हटवण्याआधी माणसाचं ऐकून घ्यावं, हेही त्यातच आहे. त्या झोपड्यांना तर पावसाळा सरून महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू दिला नाही. बोचकं उचलून ट्रॉलीत फेकणं यात कुठं बसतं? जर्मनचं पातेलं, ताडपत्रीचा तुकडा, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. ते कार्ड गेलं की रेशनचेही वांधे.

‘बाहेरचे आहेत.’ देशात कुठंही राहायची मुभा घटनेचं १९ वं कलम देतं. आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडच्या ऊसतोड टोळ्या कोप्या घालतात, तेव्हा कसं कुणी गाव विचारत नाही?

‘भीक मागतात.’ इथं कायद्याचंच चुकलंय. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यानुसार हात पसरणाराच भिकारी नव्हे. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरतो किंवा थांबतो, तोही भिकारी. म्हणजे अवतार बघून गुन्हा. मळक्या धोतरातला वारकरीसुद्धा यात सापडेल! वॉरंटशिवाय अटक, वर एक ते तीन वर्षं डांबण्याची तरतूद. पारध्यांना ही नजर ओळखीची आहे. त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला रद्द झाला तरी चोरी झाली की आधी पाल धुंडाळतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच भीक प्रतिबंधक कायद्यातली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्राने तेच विधिमंडळात करावं.

आणि हटवायचंच, तर आधी निवारा दाखवा. शहरी बेघरांच्या योजनेचं माप लाख वस्तीमागे शंभर माणसांचं. ‘आमचं शहर लाखाचं नाही’ ही पळवाट झाली. २०११ च्या जनगणनेवरून हिशेब केला तर बारामतीच्या वाट्याला पन्नासेक अंथरुणं येतात, इंदापूरच्या पंचवीस. वारीत एवढी माणसं एका मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात मावतात.