चाळकेवाडीचा वारा

ठोसेघरचा धबधबा बघून वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलं, की पवनचक्कीसोबत फोटो काढल्याशिवाय कुणी परतत नाही. काढावा, पण मग पाच मिनिटं तिच्या बुंध्याशी गप्प उभं राहावं. प्रत्येक पातं खाली येताना ‘भप्प’ असा आवाज करतं. आपल्याला गंमत वाटते, पण रात्रभर तो उशाशी घेऊन झोपायचं म्हटलं तर? विजेचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते आणि निम्मा झाला तर आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून या चक्क्या पावसाळ्यात दणकून कमावतात आणि हिवाळ्यात बऱ्याचदा डुलक्या काढतात. इंधन फुकट, पण पैसा सगळा आधीच ओतायचा: घाटातून लांबलचक पाती चढवायची, डोंगरावर रस्ते कापायचे, तारा ओढायच्या. याच पठारावरचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले, आणि सरडे मात्र वाढलेले, वर निर्धास्त. म्हणजे योजनेचे पहिले लाभार्थी सरडे! कोळशाच्या धुरापुढे हे सगळं मला परवडतं, मी चक्क्यांच्याच बाजूचा. पण त्या म्हाताऱ्या झाल्यावर काय? पोलादी मनोरा भंगारवाला हसत उचलेल. काचतंतू आणि राळ एकजीव झालेल्या पात्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण.