दान नको, दायित्व हवे

टोमॅटोचे भाव कोसळले की वर्तमानपत्रांत ठरलेले एक छायाचित्र प्रसिद्ध होते. रस्त्याच्या कडेला ओतून दिलेला लालभडक ढीग, शेजारी रिकामे क्रेट आणि त्या ढिगात तोंड घालणारी जनावरे. मराठवाड्याच्या मातीतील कथाकार भास्कर चंदनशिव यांनी 'लाल चिखल' या कथेत हे दुःख फार पूर्वीच मांडून ठेवले आहे. भर बाजारात आपल्याच हाताने पिकवलेले टोमॅटो पायाखाली तुडवणारा शेतकरी ज्याने एकदा वाचला, त्याला तो विसरता येत नाही. कथा जुनी झाली, पण चित्र जुने होत नाही, ही आपल्या व्यवस्थेची शोकांतिका आहे.

अन्नाला पूर्णब्रह्म मानणारा आपला समाज. पानात काही टाकू नये हा संस्कार घराघरांत लहानपणीच होतो. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेली पिढी आजही मराठवाड्यात हयात आहे. त्याच मराठवाड्याच्या राजधानीत आज मंगल कार्यालयांच्या मागच्या दारी पातेलीच्या पातेली अन्न ओतले जाते आणि पंचवीस-तीस कोसांवर शेतमाल बांधावर सडतो. हा विरोधाभास केवळ 'लोक बिघडले' असे म्हणून सुटणारा नाही. अन्न आता घरापुरते राहिलेले नसून तो एक मोठा उद्योग झाला आहे. साहजिकच त्याच्या नासाडीचा हिशेबही उद्योगाला विचारला पाहिजे.

आकडे काय सांगतात?

लुधियाना येथील केंद्रीय कापणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. कापणीनंतर देशात होणारी शेतमालाची हानी तीत वर्षाला ९२ हजार ६५१ कोटी रुपयांची असल्याचे म्हटले होते. नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ साली हीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा हा आकडा दीड लाख कोटींच्या वर गेला होता. भाववाढ आणि वाढलेले उत्पादन यांचा परिणाम त्यात आहे, हे मान्य. परंतु टक्केवारी पाहिली तरी समाधान वाटावे असे काही नाही. पेरूची नासाडी १५.८८ टक्के होती, ती १५.०५ वर आली. टोमॅटोची १२.४४ होती, ती ११.६१ झाली. म्हणजे एवढ्या वर्षांत टक्काभरही घट नाही.

हे झाले शेतापासून बाजारापर्यंतचे. त्यापुढचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात मांडला आहे. २०२२ या एका वर्षात जगाने १०५ कोटी टन अन्न वाया घालवले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून, २८ टक्के उपाहारगृहे व भोजनसेवांतून आणि १२ टक्के किरकोळ विक्रीच्या दुकानांतून गेले. त्याच वर्षी जगात ७८ कोटींहून अधिक माणसे उपाशी होती. भारतीय घरांतून दरडोई वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते, असा या अहवालाचा अंदाज आहे. अन्न कमी पडत नाही. ते वेळेवर, योग्य ठिकाणी, योग्य रूपात पोहोचत नाही, हाच या आकड्यांचा अर्थ होय.

वाळवणाला विज्ञानाची जोड

या निराशेच्या चित्रात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याने एक उत्तर शोधून दाखवले आहे आणि त्याची दखल जगाने घेतली आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके, निधी पंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स फॉर सोसायटी' या नावाने काम सुरू केले. त्यातून पुढे 'एस फोर एस टेक्नॉलॉजीज' ही कंपनी उभी राहिली. त्यांनी विजेविना, केवळ उन्हावर चालणारे वाळवणयंत्र तयार केले. ते या जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील इतर गावांतील महिलांच्या हाती दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंगापूर येथे या कंपनीला 'अर्थशॉट' पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख पौंड होती आणि विभाग होता कचरामुक्त जगाच्या उभारणीचा.

पुरस्कारापेक्षा त्यामागची रचना अधिक महत्त्वाची आहे. बाजारात दुय्यम ठरणारा, आकाराने लहान, डाग पडलेला किंवा भाव नसल्याने पडून राहिलेला कांदा, आले, टोमॅटो शेतकऱ्याकडून गावातच घेतला जातो. गावातील महिला तो निवडतात, चिरतात आणि सौरयंत्रात वाळवतात. यंत्रासाठी बँकेचे कर्ज मिळवून देणे, प्रशिक्षण देणे आणि तयार माल विकत घेणे ही जबाबदारी कंपनी उचलते. वाळवलेला माल पुढे अन्नप्रक्रिया उद्योगांना आणि मोठ्या भोजनसेवांना जातो. कोणतेही रसायन न घालता तो वर्षभर टिकतो. दोन दिवसांत सडणारी वस्तू वर्षभर टिकू लागली की शेतकऱ्यावर 'येईल त्या भावात विकून टाक' ही सक्ती राहत नाही.

आपल्या घरांना यात नवे काय आहे? सांडगे, कुरडया, सुकवलेल्या भाज्या, आंब्याची साठे हे सारे वाळवणच. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर, अंगणात आजी-आईने केलेली ही बेगमी म्हणजे नासाडीविरुद्धची आपली परंपरागत व्यवस्थाच होती. मराठवाड्याचे ऊन हा शाप आहे असे आपण म्हणत आलो. तेच ऊन इथे भांडवल ठरले. परंपरेतील शहाणपण टिकवून त्याला विज्ञानाची, बँकेची आणि बाजारपेठेची जोड दिली, तर काय घडू शकते याचे हे उदाहरण आहे. इथे कोणी कोणावर उपकार करत नाही. कंपनीला माल मिळतो, शेतकऱ्याला दाम मिळतो, महिलेला गाव न सोडता रोजगार मिळतो आणि अन्न वाचते.

तरीही एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जिथे खरेदीदार एकच असतो, तिथे उद्या त्याने हात आखडता घेतल्यास यंत्र आणि कर्ज दोन्ही त्या महिलेच्या दारात राहतात. म्हणून अशा प्रत्येक साखळीत बचतगट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांना बरोबरीचे स्थान हवे. किमान दराचा लेखी करार हवा आणि दुसऱ्या खरेदीदाराकडे जाण्याची मोकळीक हवी. पैठण तालुक्यात २०१८ साली मेगा फूड पार्कचे उद्घाटन झाले. मोसंबी, आले, मका आणि मिरची पिकवणाऱ्या या भागातील प्रक्रिया उद्योगांनी चार क्रेट घेऊन येणाऱ्या लहान शेतकऱ्यालाही दार उघडे ठेवले, तरच अशा प्रकल्पांचा मूळ हेतू सफल झाला असे म्हणता येईल.

शिजलेल्या अन्नाचे काय?

दुसरा प्रश्न शिजवलेल्या आणि शिल्लक राहणाऱ्या अन्नाचा. पैठणच्या नाथांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न संत एकनाथांनी दारी आलेल्या भुकेल्या अंत्यजांना प्रेमाने वाढले आणि कर्मठांचा रोष पत्करला. नाथांनी त्यांना उरलेसुरले दिले नाही. पहिल्या पंगतीचे दिले, हे आपण नेमके विसरतो. भुकेल्याला देताना त्याचा मान राखला गेला पाहिजे, हा त्या प्रसंगाचा खरा बोध आहे.

आधुनिक काळातही या शहरात तसे प्रयत्न झाले. डिसेंबर २०१५ मध्ये बायजीपुरा भागात युसूफ मुकाती यांनी 'रोटी बँक' सुरू केली. सभासदांनी घरी केलेल्या ताज्या स्वयंपाकातून दोन पोळ्या आणि भाजी आणून द्यायची आणि गरजूंनी ती घेऊन जायची, अशी तिची साधी पद्धत. चांगले काम कोणाच्याही हातून घडो, त्याची नोंद मोकळ्या मनाने घेतली पाहिजे. इथेही भर होता तो ताज्या अन्नावर.

मात्र व्यक्तींच्या सद्भावनेवर सगळा भार टाकून कंपन्यांना नामानिराळे राहता येणार नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत रोज हजारो थाळ्या शिजतात. मोठी हॉटेले, मिठाईची दुकाने आणि केटरिंग व्यावसायिक वेगळेच. दुसरीकडे घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक आवारात दिवस काढत असतात. या दोन टोकांना जोडणारा रस्ता काही मैलांचा आहे. परंतु तो रोज, ठरलेल्या वेळी आणि सुरक्षितपणे पार करणारी यंत्रणा उभी राहिली पाहिजे.

कायदा आणि नियत

'अन्न दिले आणि कोणाला बाधा झाली तर जबाबदार कोण?' हा उद्योजकांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेने १९९६ मध्येच सद्हेतूने अन्नदान करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. फ्रान्सने २०१६ मध्ये त्याही पुढे जाऊन मोठ्या सुपरमार्केटना न विकले गेलेले खाण्यायोग्य अन्न नष्ट करण्यास बंदी घातली आणि सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. आपल्याकडेही भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये शिल्लक अन्नाचे संकलन आणि वितरण यासाठी स्वतंत्र विनियम केले. दात्याने आणि वितरक संस्थेने कोणती काळजी घ्यावी, हे त्यात ठरवून दिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने उत्पादक आणि आयातदारांना, मुदत संपलेल्या व नाकारलेल्या मालाची दर तिमाहीस माहिती देण्यास सांगितले. म्हणजे नियम नाहीत असे नाही. ते पाळण्याची इच्छा आणि पाळले जातात का हे पाहण्याची शिस्त हवी.

सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांचाही इथे विचार झाला पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. परंतु स्वतःच्या व्यवसायाच्या ओघात केलेले काम त्यात धरले जात नाही. परिणामी कंपनी एकीकडे फलक लावून अन्नवाटपाचा कार्यक्रम करते आणि दुसरीकडे तिच्याच गोदामात माल मुदतबाह्य होत राहतो. दोन टक्क्यांत समाज आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांत निव्वळ व्यापार, ही विभागणी भारतीय विचाराला धरून नाही. आपल्याकडील 'शुभ-लाभ' या जोडीत शुभ आधी येते, हे वहीवर ते लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

अपेक्षा चार

अन्नक्षेत्रातील कंपन्यांकडून समाजाने चार गोष्टींची अपेक्षा ठेवावी. पहिली, शिल्लक आणि वाया गेलेल्या मालाचा हिशेब नफ्यातोट्याच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे ठेवावा आणि तो प्रसिद्ध करावा. दुसरी, देखणा नसला तरी उत्तम असलेला शेतमाल प्रक्रियेसाठी ठरलेल्या दराने घ्यावा. तिसरी, द्यायचे अन्न खाण्यायोग्य असतानाच बाजूला काढावे. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी दिलेली पाकिटे म्हणजे दान नसून कचरा हलवण्याचा खर्च वाचवणे होय. चौथी, माणसाला देता येणार नाही ते जनावरांना आणि तेही शक्य नसेल ते खताला किंवा जैववायूला जावे. उकिरड्यावर मात्र काहीच जाऊ नये.

आणि आपण? नासाडीतील साठ टक्के वाटा घरांचा आहे, हे वर आलेच आहे. लग्नात पदार्थांची संख्या हा प्रतिष्ठेचा विषय झाला तो आपल्याच संमतीने. डाग पडलेला टोमॅटो बाजूला सारून चकचकीत टोमॅटो निवडतो तो आपलाच हात. ग्राहक म्हणून आपण जे मागू तेच कंपन्या पुरवतील. मंगल कार्यालय ठरवताना भाडे विचारतो, तसे 'उरलेल्या अन्नाची व्यवस्था काय?' हेही आपण विचारू लागलो, तर कार्यालयाचा मालक आणि केटरर आपोआप उत्तर तयार ठेवतील.

कायदा धाक घालू शकतो, यंत्र सोय करू शकते. परंतु अन्नाबद्दलचा आदर समाजालाच जागता ठेवावा लागतो. येत्या लग्नसराईत आपल्या परिचयातील एका तरी कार्यात हा प्रश्न आधी विचारला जावा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत विसार दिला जाऊ नये. सुरुवात तिथून करू या.