उद्देश आधी, पाप नंतर

ख्रिस्ती बांधवांशी धर्मावर बोलायला बसलो की बोलणं हमखास पापापासून सुरू होतं. माणूस जन्मतःच पापी, म्हणून त्याला तारणारा हवा. मी म्हणतो, पापाचं नंतर बघू. माणसाला निर्माण का केलं, ते आधी सांगा.

याचं उत्तर त्यांच्याकडे नाहीच, असं आपल्यातले काही वक्ते सभांमधून ठोकून देतात. ते खोटं आहे. १६४७ साली वेस्टमिन्स्टरला तयार झालेल्या प्रोटेस्टंट लघुप्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत, आणि पहिलाच प्रश्न माणसाच्या जीवनाच्या मुख्य उद्देशाचा आहे. उत्तराचा आशय असा की ईश्वराचा गौरव करावा आणि सदासर्वकाळ त्याच्यात आनंद मानावा. सूरह जारियातमध्ये अल्लाहने मानवाच्या निर्मितीचा हेतू इबादत सांगितला आहे. इथवर आमचं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. हे सुंदर उत्तर पहिल्या पानावर राहतं आणि प्रवचनात उरते ती आदमची चूक. संत ऑगस्टिन यांच्यापासून पाश्चात्त्य चर्चने असं धरलं की तो दोष वंशपरंपरेने प्रत्येक मुलाकडे येतो. (पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च असं मानत नाही. त्यांच्या मते वारशाने मृत्यू येतो, अपराध नव्हे. सगळ्या ख्रिस्ती लोकांना एकाच मापाने मोजू नये.) एकदा हे मानलं की जगण्याचा उद्देश सुटका एवढाच उरतो, आणि ती सुटकाही दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली.

पण त्यांचाच ग्रंथ उघडा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीचा कारभार सोपवला आहे. फळ खाल्लं जातं ते तिसऱ्या अध्यायात. कुरआनातही क्रम हाच आहे. सूरह बकरात अल्लाह फरिश्त्यांना सांगतो की मी पृथ्वीवर खलिफा नेमणार आहे. हा रक्तपात करेल, अशी शंका ते काढतात, तरी नेमणूक रद्द होत नाही. चूक त्यानंतर झाली, तौबा झाली, ती कबूलही झाली. आदमला पृथ्वीवर पाठवणं ही शिक्षा नव्हती, ते काम आधीच ठरलेलं होतं.

यावर मित्र म्हणतात, पापाची किंमत कुणीतरी मोजल्याशिवाय न्याय कसा होईल? मत्तयच्या अठराव्या अध्यायात हजरत ईसा (अ.) यांनी एका राजाचा दाखला दिला आहे. चाकराचं अफाट कर्ज राजाने दया येऊन सोडून दिलं. ते त्याने दुसऱ्या कुणाकडून वसूल केलं नाही. यावर ख्रिस्ती विद्वानांचं उत्तर वजनदार आहे: माफ करणाराच तोटा सोसतो, क्रूस म्हणजे ईश्वराने स्वतः सोसलेला तोटा. मान्य, तोटा राजाचाच झाला. पण त्यासाठी त्या दाखल्यात कुणाचा जीव गेला? यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात तर बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाही, असं स्वच्छ सांगितलं आहे.

कर्माचंही तसंच. याकोबाच्या पत्रात कर्माविना श्रद्धेला मृत म्हटलं आहे, आणि मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ साली त्या पत्राला गवताचं पत्र म्हणून हिणवलं. भुकेल्याला अन्न दिलं की नाही, यावर निवाडा होईल हे मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, ते कुठे ठेवायचं? अर्थात शफाअतीच्या भरवशावर नमाज सोडणारे आणि शेजाऱ्याची जमीन दाबून हजला जाणारे आपल्यातही कमी नाहीत. त्यांनी हे वाचून खूश होऊ नये.

मध्ययुगात त्यांच्याच विद्वानांमध्ये एक वाद होता: आदमने पाप केलं नसतं तर ख्रिस्त आला असता का? थॉमस अक्वायनस यांचा कल 'नाही'कडे होता, डन्स स्कोटस 'हो' म्हणत. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. आदमने ते फळ खाल्लंच नसतं, तर तुमच्या प्रवचनात माणसाला काय काम उरलं असतं?